ध चा मा आणि ळ चा ल

पावतीवर ३४१२ किलो होते आणि संगणकात २४१२.

आबांनी पावती टेबलावर ठेवली, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि खुर्चीत टेकले. आवाज चढवला नाही. "अण्णा, चूक कोणाचीबी होती," ते म्हणाले. "पण मी गावातल्या चौघांच्या पावत्या ताडून पाहिल्या. समद्यांचं वजन कमीच लागलंय. कोणाचं एक किलो, कोणाचं दहा, माझं हजार. चूक असती तर एखाद्या वेळी आमच्याबी बाजूनं झाली असती का नाही? चूक आंधळी असती. ही डोळस दिसती."

ऑफिसात आम्ही चौघे होतो. पॅकहाऊसचे मालक अण्णा, माल घालणारे शेतकरी आबा, कोपऱ्यात संगणकासमोर बसलेली ती, आणि प्रिंटरचा ट्रे उघडून बसलेला मी. आबांचं बोलणं संपल्यावर आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं. तिघांनी म्हणजे मीसुद्धा.

काही वर्षांपूर्वीचा मार्च. मी नाशकात संगणकांची कामं करतो: दुरुस्ती, नेटवर्क, छोट्या कारखान्यांचे सर्व्हर. हे पॅकहाऊस दिंडोरीच्या बाजूला, रस्त्यापासून आत, बागांच्या मधोमध आहे. द्राक्षाच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळी सातपासून क्रेट उतरायला लागतात, वजन होतं, माल प्रीकूलिंगला जातो, मग शीतगृहात. शीतगृहात तापमान शून्याच्या आसपास ठेवायचं, त्यात जरा फरक पडला की भोंगा वाजतो आणि दोन माणसं धावतात. त्याच भिंतीच्या पलीकडे, जिना चढून गेलं की, पत्र्याच्या छताखाली एक खोली आहे. सर्व्हर तिथे. त्याच्यासाठी भोंगा नव्हता. एक एक्झॉस्ट फॅन होता, आणि त्याच्यातही चिमणीने घरटं केलेलं.

सर्व्हर हा शब्दही जरा मोठाच झाला. एक टॉवर, साधा मदरबोर्ड, दोन डिस्क, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या. अण्णांनी बजेट सांगितलं होतं, मी त्यात बसवून दिला होता. वर लिनक्स, मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि कुणा ओळखीच्या मुलाने लिहिलेली आवक नोंदणी. त्या मुलाने वजनसुद्धा आकडा म्हणून न साठवता अक्षरं म्हणून साठवलं होतं. कॉलेजात असं केलं तर मार्क कापतात. इथे चार वर्षं चाललं.

ती सटाण्याकडची, बागलाणातली. सरकारी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, इन्स्क्रिप्टवर टाइप करायची, किबोर्डकडे न बघता. फेब्रुवारीत अण्णांचा पहिला फोन आला तेव्हा तक्रार वजनाची नव्हती, शुद्धलेखनाची होती. याद्यांमध्ये पिंपळगावचं पिंपलगाव होत होतं. कळवणचं कलवण, निफाडचं निपाड, ओझरचं ओजर. निर्यातीच्या मालात प्रत्येक खोका कुठल्या प्लॉटमधून आला ते दाखवावं लागतं, तिथे गावाचं नाव चुकून चालत नाही. "बागलाणची पोरगी," अण्णा म्हणाले, "तिला ळ कुठला यायचा!" आणि फोनवर मी हसलो.

हसून थांबलो नाही. त्याला तांत्रिक आधारही पुरवला. इन्स्क्रिप्ट किबोर्डची रचना मोठी शिस्तशीर आहे. ल आणि ळ एकाच बटणावर असतात, शिफ्ट दाबला की ळ. द आणि ध, ब आणि भ, प आणि फ, त आणि थ, ज आणि झ, सगळ्या जोड्या तशाच. म्हणजे ळ चा ल, फ चा प, झ चा ज होणं याचा अर्थ एकच: शिफ्ट नीट दाबला जात नाहीये. एकतर बटण खराब किंवा बोट. मी नवा किबोर्ड घेऊन गेलो, लावला, त्या निमित्ताने सर्व्हरही बंद करून चालू केला. आठ दिवस एकही चूक नाही. मी बिल पाठवलं.

नवव्या दिवशी पुन्हा पिंपलगाव. बटण नवं होतं. राहिलं बोट.

इथे मला माझीच लाज वाटते. माझं आजोळ बागलाणातलं. आजी अहिराणी बोलायची. तिच्या तोंडी डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. खान्देशी जिभेला ळ जड जातो तेव्हा तिथे य येतो, ल येत नाही. तिला ळ येत नसता तर यादीत पिंपयगाव दिसलं असतं. हे मला कुठल्या पुस्तकातून कळायला नको होतं, मी त्यातच वाढलो. तरी अण्णांचं वाक्य ऐकून मी हसलो, कारण ते गिऱ्हाईक होते.

आबा गेल्यावर अण्णा जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले. उतरणीवरचे हमाल, वजनकाट्यावरचा पोरगा, दारात चहा घेऊन आलेल्या मावशी. "उद्यापासून संगणकाला हात लावायचा नाही. खाली पॅकिंगला बसायचं." ती रडली वगैरे नाही. ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली आणि मी जिना उतरत असताना माझ्या हातात दिली. "सर, मी लिहून ठेवलंय. कधी काय चुकलं ते. तुम्ही नवं बटण लावलं तेव्हापासूनचं."

मी राहतो आनंदवल्लीच्या पुढे. गंगापूर रोडने घरी जाताना आनंदवल्ली रोज लागते, आणि रोजच्या गोष्टीकडे आपण बघत नाही तसा मीही बघत नाही. हे गाव पूर्वी चौंढस होतं. राघोबादादा इथे येऊन राहिले आणि आनंदीबाईंच्या नावावरून ते आनंदवल्ली झालं. त्याच आनंदीबाई, ज्यांच्या नावावर मराठीतला सगळ्यात कुप्रसिद्ध अक्षरबदल जमा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पत्रात "धरावे" होतं, बाईंनी ध चा मा केला आणि ते "मारावे" झालं, ही आख्यायिका. रामशास्त्र्यांनी दोष दिला तो राघोबांना. पण वाक्प्रचारात नाव राहिलं बाईंचं. अक्षर बदललं, की हात कुणाचा हे विचारायच्या आधीच हात ठरलेला असतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर वही उघडली. तारीख, वेळ, काय टाइप केलं, काय दिसलं. अक्षर गोल, नेटकं, आणि ळ तर विशेष गरगरीत. पिंपळगाव, निफाड, ओझर हे सगळं होतंच. पण खाली अशा नोंदी होत्या ज्या अण्णांनी मला कधी सांगितल्या नव्हत्या, कारण त्या त्यांच्या गोष्टीत बसत नव्हत्या. येवल्याचं मेवला. लोहोणेरचं लोसोणेर. सटाण्याचं सटाढा. तिने शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: "ह आणि स वेगळ्या बटणांवर आहेत. य आणि म पण." दोन ठिकाणी दीर्घ वेलांटीच्या जागी रिकामा चौकोन आला होता. तो तिने मला पूर्वी दाखवला होता. फॉन्टचा प्रॉब्लेम असेल, असं सांगून मी मोकळा झालो होतो.

आणि पुढच्या पानावर आकडे. ३ चा २. ७ चा ६. १ चा ०. ५ चा ४. परत ३ चा २.

मी खुर्चीत सरळ बसलो.

संगणकाच्या आत अक्षर नसतंच, क्रमांक असतो. युनिकोडच्या यादीत देवनागरीची अक्षरं ओळीने बसवली आहेत: ल च्या पुढचा क्रमांक ळ, द च्या पुढे ध, प च्या पुढे फ, ज च्या पुढे झ. हे झालं किबोर्डसारखंच. पण त्याच यादीत म च्या पुढचा क्रमांक य चा आहे, आणि स च्या पुढे ह. ढ च्या पुढे ण. ते दोन चौकोन सोडले तर वहीतल्या प्रत्येक चुकीत अक्षर यादीत बरोबर एक पाऊल मागे सरकलं होतं. आकडाही एकनेच कमी. आणि जे जे मागे सरकलं त्याचा क्रमांक विषम होता, झाला तो सम. सम क्रमांकाचं अक्षर एकदाही चुकलेलं नव्हतं. ल चा ळ कधी झाला नव्हता, २ चे ३ कधी झाले नव्हते.

विषम संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर तिच्या शेवटी १ असतो, सम संख्येच्या शेवटी ०. म्हणजे कुठेतरी, कधीतरी, शेवटचा एक पुसला जात होता. तिथे आधीच शून्य असेल तर काही दिसत नव्हतं. एक असेल तर जात होता. आणि पुसला जाणारा एक कुठल्याही आकड्याला कमीच करणार, कधी वाढवणार नाही. आबा बरोबर बोलत होते. चुकीला दिशा होती. आम्ही सगळ्यांनी दिशेचा अर्थ नियत असा लावला.

एकच बाजू कायम खाली जाते असं काय असतं? मला लगेच सुचलं ते रॅम.

रॅममधलं एक घर म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली काढली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आजचा प्रत्येक फोन आणि सर्व्हर त्याच कल्पनेवर उभा आहे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की एक, नसला की शून्य. गंमत अशी, की तो कपॅसिटर झिरपता माठ आहे. भरून ठेवला तरी आपोआप रिता होत जातो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा, प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं. आपण ज्याला संगणकाची स्मृती म्हणतो ती अशी अखंड पाणी भरण्याची धावपळ आहे. आठ जीबीच्या एका पट्टीवर असे सुमारे ६,८७२ कोटी माठ. त्यातला एखादा जरा जास्त झिरपणारा निघाला, आणि वर उष्णता असली, तर पुढची भरणी यायच्या आत तो रिता होतो. एक होता, शून्य वाचला जातो. कुठे ठिणगी नाही, भोंगा नाही, पडद्यावर सूचना नाही. वाचणाऱ्याला वाटतं, शून्यच होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. आधी नेहमीची झडती: सिस्टीमचे लॉग स्वच्छ, डिस्कची तब्येत उत्तम. मग डेटाबेसची मोठी फाइल बाहेर काढली, तिची एक प्रत केली आणि दोन्हींचा ताळा काढला. ताळा म्हणजे चेकसम. अख्ख्या फाइलवरून गणित करून आलेली एक खूण. मूळ आणि प्रत सारखीच असेल तर खूणही तीच यायला हवी. आली नाही. पुन्हा काढला, तर तिसरंच उत्तर. एकच फाइल, एकच डिस्क, आणि दर वेळी वेगळी साक्ष. साक्षीदार फिरला की कोर्टाला जे कळतं ते मला तेव्हा कळलं.

मग दोन प्रती बाइटवार, म्हणजे आठ-आठ एक-शून्यांच्या गटांनी, ताडून पाहिल्या. तीन ओळी आल्या. जागेचा क्रमांक, आणि त्यापुढे दोन आकडे: २६३ आणि २६२. ही अष्टमान पद्धत. २६३ म्हणजे ळ चा शेवटचा बाइट, २६२ म्हणजे ल चा. पडद्यावर प्रत्यक्ष ळ चा ल झालेला मी पाहत होतो, आणि त्या वेळी किबोर्डला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं. दुसऱ्या ओळीत २७१ आणि २७०, ह चा स. तिसरीत ६३ आणि ६२. तीनचे दोन.

कागदावर अजून एक गणित केलं. लिनक्स फाइल मेमरीत आणतो ती ४०९६ बाइटांच्या पानांनी. तिन्ही जागांच्या क्रमांकातून एक वजा करून ४०९६ ने भागलं, आणि बाकी तिन्ही वेळा तीच उरली. पानं वेगवेगळी, पण पानावरचं भोक त्याच जागी. सॉफ्टवेअर अशी खोडी करत नाही.

अण्णांना म्हटलं, मशीन बंद करून तपासावं लागेल. सीझनमध्ये मशीन बंद म्हणजे काय, हे त्यांनी मला त्यांच्या भाषेत समजावलं. ते इथे लिहीत नाही. शेवटची गाडी रात्री अकराला जाते, पहिले क्रेट सकाळी सातला येतात, मधले आठ तास मला मिळाले. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालू केला. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या कार्यक्रमाचा हा पुढचा मुक्त अवतार. आमच्या धंद्यात तो नाडीपरीक्षेसारखा. प्रत्येक घरात एक लिहायचा, परत वाचायचा. शून्य लिहायचं, परत वाचायचं. वरून खाली, खालून वर, वेगवेगळ्या नक्षीने. मी खुर्चीत झोपलो. सकाळपर्यंत चार फेऱ्या झाल्या होत्या आणि चुका शून्य.

अण्णांनी विचारलं, "मग?"

मग माझी मान खाली. खरं तर त्या क्षणी मी तिच्या बोटांवर परत जायला तयार होतो, हेही लिहून टाकतो. पण पत्र्याकडे लक्ष गेलं. सकाळचा गार पत्रा. ज्या घराचा दोष झिरपण्याचा आहे ते पहाटे पाच वाजता कशाला झिरपेल? "दुपारी दोन तास द्या," मी म्हणालो. "तोवर पावत्या हाताने." त्यांनी दिले, कसे कोण जाणे.

दीडच्या सुमाराला पडद्यावर पहिली लाल ओळ आली. मग दुसरी. मग एकदम पाच-सहा. पत्ते वेगळे, पण षोडशमान पद्धतीत लिहिलेल्या त्या पत्त्यांचे शेवटचे तीन अंक सगळीकडे तेच. सोळाचा घन ४०९६. आदल्या दिवशी कागदावर काढलेली बाकी षोडशमानात लिहून शेजारी धरली. तंतोतंत. चुकलेला बिट, म्हणजे बाइटमधलं एक घर, प्रत्येक ओळीत एकच, शेवटचा. अपेक्षित एक, मिळालं शून्य.

त्यानंतरचं काम हमालीचं होतं, पण करावंच लागतं, कारण दोष पट्टीचा की खाचेचा हे पडद्यावर कळत नाही. पट्ट्या काढल्या, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. याला हसू नका. कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानातला पहिला विधी हाच असतो, आणि धुळीने संपर्क बिघडलेला असेल तर तेवढ्यावर भागतंही. भागलं नाही. मग एक पट्टी पहिल्या खाचेत, एकटी: स्वच्छ. दुसरी त्याच खाचेत: लाल. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत: लाल. पहिली दुसऱ्या खाचेत: स्वच्छ. दोष पट्टीबरोबर हिंडत होता. चार वाजले होते, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि माझ्या तळहातावर ती हिरवी पट्टी होती, वर आठ काळ्या चिपा.

आठ. या आकड्यावर जरा थांबतो.

माझे वडील लासलगावला कांद्याच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवसभराची किर्द लिहून झाली की ते बेरीज तपासायला नवाचा ताळा घ्यायचे. प्रत्येक रकमेच्या अंकांची बेरीज करायची, नऊ टाकून द्यायचे, उरलेल्याची बेरीज उत्तराशी जुळते का बघायचं. दोन अंकांची अदलाबदल झाली तर हा ताळा फसतो, शून्याचे नऊ झाले तरी फसतो, हे ते स्वतःच सांगायचे. पण एखादा अंक एकने चुकला तर हमखास सापडतो. ३४१२ चा ताळा एक. २४१२ चा शून्य. वडिलांनी ही चूक त्याच संध्याकाळी पकडली असती, चहा थंड व्हायच्या आत.

संगणकवाल्यांनाही हे सुचलं नव्हतं असं नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आठ चिपांबरोबर नववी चिप होती, पॅरिटीची. बाइटमधल्या एकांची संख्या सम की विषम एवढंच ती लक्षात ठेवायची. जुळलं नाही की यंत्र जागच्या जागी थांबायचं. उद्धटपणाच, पण प्रामाणिक. पुढे नव्वदच्या दशकात पैसे वाचवण्यासाठी घरगुती संगणकांतून ती नववी चिप काढून टाकली. त्याहून हुशार पद्धत तर त्याच्याही आधीची. बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग यांची गणितं शनिवार-रविवारी रिलेच्या यंत्रावर चालायची. चूक सापडली की यंत्र ते काम सोडून पुढचं घ्यायचं, आणि सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काही नसायचं. चूक झाली हे कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांनी १९५० मध्ये चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरचा लेख लिहिला. आजच्या खऱ्या सर्व्हरमधली ईसीसी मेमरी त्याच कुळातली. ६४ बिटांमागे सहसा आठ जास्तीचे, एकूण ७२. एक बिट चुकला तर जागीच दुरुस्त आणि लॉगमध्ये नोंद. दोन चुकले तर दुरुस्त करता येत नाही, पण चुकलंय हे ती सांगते आणि कामकाज थांबवते. साध्या पट्टीवर आठ चिपा असतात तिथे हिच्यावर नऊ.

आनंदवल्लीवरून जाताना मी हा हिशेब केला आहे. युनिकोडमध्ये ध आणि म यांच्यात दोन बिटांचं अंतर आहे. म्हणजे पेशव्यांचं पत्र ईसीसी मेमरीत असतं तर ती म्हणाली असती, मला दुरुस्त करता येत नाही, पण या पत्रात काहीतरी गडबड आहे, अंमल करू नका. साध्या मेमरीत ध चा म बिनबोभाट होऊ शकतो. पण नुसता म. "मरावे" होईल, "मारावे" नाही. काना म्हणजे तीन जादा बाइट, ते झिरपून येत नाहीत. काना द्यायला माणूस लागतो.

अण्णांना हे सगळं सांगणं अवघड होतं. ते म्हणाले, "डेटाबेसला कळलं कसं नाही? तू म्हणाला होतास तो सगळं तपासून ठेवतो." रास्त प्रश्न. डेटाबेस प्रत्येक पान डिस्कवर लिहिताना त्याचा ताळा पानावर नोंदवतो. पण पान मेमरीत असताना अक्षर बदललं, आणि त्याच पानावर दुसरी एखादी नोंद झाल्यामुळे ते पुन्हा लिहायला गेलं, तर ताळा निघतो तो बदललेल्या पानाचा. चुकीच्या हिशेबाचा बिनचूक ताळा. अण्णा गप्प राहिले, मग म्हणाले, "त्र्यंबकला नागबळी करून घेऊ का?" ते विनोद करत होते की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. काही लोक अशा वेळी अंतराळातून येणाऱ्या किरणांचं नाव घेतात. त्यांनीही बिट उलटतो हे खरं आहे, फक्त पुन्हा पुन्हा त्याच घरात उलटत नाही. गूगलच्या सर्व्हरांवरचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये आला होता. वर्षभरात तिथल्या सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्के पट्ट्यांत दुरुस्त करण्याजोगी एक तरी मेमरीची चूक दिसली, आणि बऱ्याचशा चुकांमागे आकाशातले कण नव्हते, बिघडलेलं हार्डवेअर होतं. तापमानाचा परिणाम त्यांना अपेक्षेपेक्षा कमी दिसला. त्यांचे सर्व्हर पत्र्याखाली नसतात.

नवी पट्टी बसवली. खोलीला खालच्या थंड बाजूचा एक डक्ट काढून घेतला. पण आधीच डिस्कवर गेलेल्या चुकांचं काय? त्या आता यंत्राच्या दृष्टीने खऱ्याच होत्या. त्यांच्याविरुद्ध पुरावा एकच होता: वजनकाट्यावर हाताने लिहिलेल्या पावत्यांच्या कार्बन कॉपी. त्या ताडून बघायला अक्षर ओळखणारं माणूस हवं.

खाली पॅकिंग हॉलमध्ये गेलो. गारठा, पांढरे दिवे, लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना टोप्या घातलेल्या बाया, आणि कात्र्यांचा बारीक आवाज. घडातला खराब मणी देठापासून कापायचा, शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही. ती तिसऱ्या टेबलावर होती. मी सांगितलं, चूक रॅमची होती, तुझ्या वहीमुळे सापडली. कात्री थांबली नाही.

"अण्णांना सांगितलं?"

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

मी काही बोललो नाही. तिने घड फिरवून बघितला, एक मणी कापला. "ते बोलले तेव्हा सगळे होते."

ती वर आली ती आणखी दोन दिवसांनी. संध्याकाळच्या चहाला, हमाल आणि काट्यावरचा पोरगा उभे असताना, अण्णा पेल्यात बघत म्हणाले, "त्या वजनाच्या भानगडीत ताईची चूक नव्हती बरं का. मशीनची होती." मावशी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." मग आठवडाभर ती आणि मी पावत्या ताडत बसलो. ती वाचायची, मी पडद्यावर बघायचो. एकेचाळीस चुका निघाल्या. त्यातल्या वजनाच्या सगळ्या शेतकऱ्याच्या विरुद्ध. फरकाचे पैसे अण्णांनी पोचते केले, आबांना स्वतः जाऊन. आबांनी विचारलं म्हणे, मशीनला आमचंच वजन कमी करायचं कोणी शिकवलं?

त्या चहाच्या वेळी "मशीनची" या शब्दावर मी मान डोलावली होती. सर्व्हर घेताना मी अण्णांना जे कोटेशन दिलं होतं त्यात ईसीसी मेमरी आणि ती चालेल असा मदरबोर्ड, अशी एक ओळ होती. काही हजारांचा फरक पडत होता. अण्णांनी विचारलं, हे लागतंच का? मी म्हणालो, तुमच्या कामाला कशाला, आणि त्यांच्यासमोर पेनाने त्या ओळीवर आडवी रेघ मारली. हे मी त्या दिवशी बोललो नाही, नंतरही कुणापाशी बोललो नाही. कोटेशनची कार्बन कॉपी माझ्या फायलीत आहे. रेघ सरळ आली आहे, जोर देऊन मारलेली.